खालच्या दुकानातलं चाटण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एसीची जाळी धुतली. शुक्रवार होता, मला सुट्टी. दुबईकडच्या अल ऐनमध्ये उन्हाळा तोंडावर आला की हे काम करावंच लागतं, नाहीतर खिडकीतला एसी नुसता घोरतो, गार करत नाही. मी जन्मभर दुसऱ्यांचे एसी दुरुस्त केले, पण घरचा एसी बायकोनं दहादा टोकल्याशिवाय कधी उघडला नाही. त्या दिवशी ती एकदाच बोलली आणि मी लगेच स्टूल ओढलं. दहादा टोकायची ताकद तिच्यात राहिली नव्हती.

न्हाणीघरात तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तिनं पाण्याची नळी धरली, मी ब्रश मारला. चहाच्या रंगाचं पाणी निघालं.

"अहो, एवढी माती आपण वर्षभर नाकात घेतली?"

"तू घेतलीस. मी बाहेरची खातो, ती वेगळी."

ती हसली. जाळी परत बसवली तेव्हा एसीखाली तोंड वर करून बसली आणि म्हणाली, "आता कसं, माणसाच्या घरासारखं वाटतंय." मग चहा मागितला. अर्धा प्याली, अर्धा ठेवला.

दुपार कलल्यावर तिला धाप लागली. वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी गाडी काढली, दवाखान्यात नेलं. संध्याकाळच्या नमाजाच्या सुमारास ती गेली. डॉक्टर चांगला होता. सांगताना त्यानं खाली बघितलं नाही, माझ्याकडे बघून सांगितलं.

ह्याच्यापुढे मला रडगाणं लिहायचं नाही. लिहायचंय ते आमच्या इमारतीखालच्या औषधाच्या दुकानाबद्दल. तिचं शेवटचं वर्ष त्या दुकानाच्या भोवती गेलं आणि त्या दुकानाबद्दल लोकांनी वाटेल ते सांगितलंय. मीही सांगितलंय.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. आमची इमारत सनय्याच्या रस्त्यावर, म्हणजे गॅरेजं आणि वर्कशॉपांचा जो भाग असतो त्याच्या अलीकडे. खाली एक किराणावाला, एक पाकिस्तानी धोबी आणि एक बंद पडलेलं शिंप्याचं दुकान. वर चार-पाच बिऱ्हाडं आपल्या मराठी लोकांची. बाकी सगळे पुण्या-मुंबईचे शिकलेले, ऑफिसवाले. आम्हीच दोघं कऱ्हाडकडचे, मी शाळेला लवकर रामराम केलेला. पण तिनं केलेली भाकरी सगळ्यांना लागायची, त्यामुळे आमचं काही अडलं नाही. आम्हाला मूल नव्हतं. इमारतीतली सगळी पोरं तिला काकू म्हणायची आणि मला नुसतंच 'अंकल'.

शिंप्याच्या दुकानात एक मल्याळी वैद्य आला. अरबी, इंग्लिश आणि त्याच्या भाषेत पाटी लावली, पाटीवर एक हिरवं पान काढलेलं. पहिली शंका त्या पानावरूनच आली. साहेबांनी जाता-येता ते निरखून पाहिलं. हे साहेब पाण्याच्या प्लँटवर इंजिनियर, आमच्या इमारतीतले सगळ्यात शहाणे समजले जाणारे. मला म्हणाले, "काका, हे पान कसलं वाटतं तुम्हाला?"

"तुळशीचं तर नाही."

"तेच म्हणतो मी."

दुकान चाललं. गुरुवारी संध्याकाळी लेबर कॅम्पांतले लोक यायचे, पाठी मोडलेले. मेंदी लावलेल्या दाढीचे म्हातारे अरब लोक काठी टेकत यायचे, ड्रायव्हर गाडीत बसून राहायचा. आत जाताना सगळ्यांची तोंडं वाकडी आणि बाहेर येताना सैल. साहेब म्हणाले, "माणूस औषध घेऊन एवढा खूश होत नाही."

मला त्या दुकानातून वास यायचा. आमच्या गावाकडे महाशिवरात्रीला शंकराच्या देवळामागे भांग घोटत, मी तरणा असताना प्यालेलोही आहे. ओल्या गवताचा, हिरवा, जरा कडसर वास. तो वास मला जिन्यात आला. मी सरळ सगळ्यांना सांगून टाकलं की हा माणूस औषधात भांग घालतो. माझ्या नाकावर लोकांचा विश्वास होता. एसीचं काम करणारा मी, कुठे काय जळलं ते दारातूनच सांगायचो.

ज्यानं तो देश पाहिला नाही त्याला ह्यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. तिथे खिशात चिमूटभर जरी सापडली तरी माणूस वर्षानुवर्षं आत जातो, आणि सुटला की थेट विमानात. बायकापोरांचा व्हिसा बाप्याच्या नोकरीला टांगलेला. खालच्या दुकानात भांग म्हणजे आमच्या प्रत्येकाच्या पायाखाली भांग. "धाड पडली की आख्ख्या इमारतीला विचारतील," असं साहेब रोज म्हणायचे.

सगळेच विरुद्ध होते असं नाही. किराणावाल्याचं गिऱ्हाईक वाढलं होतं, तो वैद्याला देवमाणूस म्हणायचा. धोबी मला म्हणाला, "चाचा, दवा है, दारू थोडी है." आणि सगळ्यांत जास्त बोंब मारणाऱ्या आमच्या वहिनी, म्हणजे साहेबांच्या मिसेस, त्यांना मी एकदा डोक्यावरून ओढणी घेऊन वैद्याच्या मागच्या दारानं बाहेर पडताना पाहिलं. हातात तेलाची बाटली. त्या मला पाहून म्हणाल्या, "काका, मी बघायला गेले होते, आत काय चालतं ते."

"मग? काय चालतं?"

"काही कळलं नाही," असं म्हणून वहिनी जिना चढून गेल्या. रोज कठडा धरून चढायच्या, त्या दिवशी धरला नाही.

त्याच सुमाराला आमचं दुखणं निघालं. बायकोची पाठ दुखायची. आम्ही म्हणायचो एसीचा गारवा लागला. दवाखान्यात फोटो काढले तेव्हा कळलं की छातीतला कॅन्सर मणक्याच्या हाडात उतरलाय. डॉक्टर म्हणाला, आता औषध चालेल पण बरं होणार नाही, बाईंना मायदेशी घेऊन जा, आपल्या माणसांत राहतील.

ती घरी येऊन म्हणाली, "कोण माणसं? जावेच्या ओसरीवर खाट टाकून पडू? ती रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवील, ही बघा दुबईवाली."

"अल ऐनवाली."

"तिला काय कळतंय. मी नाही जात. मला इथंच राहू द्या."

तिला पाठवली असती तर ती परत आली नसती, हे दोघांनाही माहीत होतं. मी रजा टाकून जायचं म्हटलं तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली की औषधाला पैसा कुठला? तेव्हा इथेच राहायचं ठरलं. पण इथे राहायचं तर दुखणं सोसवलं पाहिजे. दवाखान्याच्या गोळ्यांनी तिला नुसत्या ओकाऱ्या व्हायच्या. आठ-आठ दिवस पेजेवर. अंग झडत चाललं. तोंडातून हूं की चूं नाही. मी विचारायचो, "दुखतंय का?" ती म्हणायची, "नेहमीचंच." माझ्यापुढे एकच प्रश्न होता: ही बाई माझ्या घरात चार घास खाऊन राहते, की अशीच सुकत जाते.

मग एक दिवस कामावरून आलो तर केसाला तेल लावून, वेणी घालून ती ताटावर बसलेली. ताटात भाकरी आणि वांग्याचं भरीत. जेवत होती. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला संशय आला.

"काय गं, आज भूक कशी?"

"खाली गेले होते."

"कुठं खाली?"

"औषधवाल्याकडे. त्याची बायको असते आत, पडद्यामागं. पाठीला तेल लावून देते. आणि हे चाटण दिलंय, सकाळ-संध्याकाळ."

काचेच्या बरणीत काळपट हिरवं चाटण होतं. मी झाकण काढून नाक घातलं. "ह्यात भांग आहे."

"असू दे."

"असू दे? पोलीस आले तर?"

"आले तर सांगा, म्हातारी नशेत आहे, न्या घेऊन. तिकडे तरी एसीची जाळी वेळेवर धूत असतील."

असं बोलल्यावर माणसानं काय करायचं? मी बरणी उचलली आणि खाली गेलो. वैद्य बारका माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. मी बरणी त्याच्यापुढे आपटली. "सच बोलो. इसमें भांग है?"

"नहीं, भाईसाब. गुड़ है, घी है, काली मिर्च, सोंठ, अश्वगंधा. मैं जेल जाने को दुकान नहीं खोला."

"मग तिला भूक कशी लागली? भूक कैसे लगा?"

"दवा से लगा."

त्यानं एका दमात उत्तर दिलं. एवढ्या पटकन उत्तर देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. "तुमचा कॉम्प्रेसर गेलाय" हे मीही गिऱ्हाइकाला असंच पटकन सांगत आलोय. शिवाय त्यानं त्या बरणीचे तीस दिरहम घेतले होते. तीस दिरहम म्हणजे साडेतीनशे रुपये झाले. गुळाला! गुळाला कोण साडेतीनशे देतं? म्हणजे आत नुसता गूळ नव्हताच.

पण बरणी मी परत वर आणली. फेकली नाही.

त्यानंतर ती एक दिवसाआड खाली जायची. तासाभरानं वर यायची ती तोंड हलकं करून आणि खायला मागायची. मी तिचे डोळे बघायचो, लाल आहेत का. लाल असायचेच. मला खात्री पटत गेली. एकदा म्हटलं, "जरा ह्या फरशीच्या रेघेवरून चालून दाखव." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "आधी तुम्ही चाला." मी चाललो आणि रेघ चुकलो. गुडघे माझेही गेलेले. ती म्हणाली, "बघा, कोण पिऊन आलंय."

दिवाळी आली. साहेबांकडे फराळाला सगळे जमलो. लाडू, चकली, शंकरपाळी, आणि वहिनींचे अनारसे. त्यांच्या सासूबाई पुण्याहून पीठ आणि खसखस पाठवायच्या, जाळीदार अनारसा आणि त्यावर खसखशीचा थर. खाता खाता विषय निघालाच.

साहेब म्हणाले, "कुणीतरी सांगायला पाहिजे. उद्या आपल्यावर येईल."

"मग सांगा की. तुम्हाला अरबी येतं," मी म्हटलं.

"पण वास तुम्हाला येतो, काका."

साहेबांची मुलगी कोपऱ्यातून म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट हर्ब्स."

"तू गप्प बस. यू डोन्ट नो."

मग कोणीतरी माझ्याकडे न बघता विचारलं, "पण काकू जातात ना तिथे?"

सगळे खायचे थांबले. मी म्हटलं, "जाते. पाठीला तेल लावायला."

"तेलच ना?"

"नाही, नाचायला."

वहिनींनी घाईघाईनं ताट पुढे केलं. "काका, अजून एक अनारसा घ्या ना, तुम्ही घेतलाच नाही." मी घेतला. ठरलं काहीच नाही. आपल्या लोकांत असं काही ठरत नसतं, सगळे फराळ करून घरी गेले.

पण कोणीतरी सांगितलं. भाऊबीज होऊन एक-दोन दिवस झाले असतील. दुपारच्या मोठ्या सुट्टीत मी घरी जेवायला आलो तर खाली पोलिसांची गाडी. वैद्य खुर्चीवर बसलेला, त्याची बायको भिंतीला टेकून. पोलीस बरण्या खोक्यात भरत होते. मी गुपचूप वर सटकलो, तर वरून साहेबांनीच हाक मारली. तरुण अरब अधिकारी आणि एक म्हातारा हवालदार इमारतीतल्या लोकांना विचारायला त्यांच्या घरी येऊन बसले होते. साहेबांनी मला वास घेणारा साक्षीदार म्हणून बोलावलं.

अधिकाऱ्याला हिंदी चांगलं येत होतं. त्यानं मला विचारलं, "तुमने कुछ देखा?"

"देखा नहीं. वास आया."

"कैसा वास?"

मी आठवायला लागलो. आणि तेवढ्यात वहिनींनी जे केलं ते आपलीच बाई करू जाणे. दिवाळी नुकतीच झालेली. घरात माणूस आलेला. तो पोलीस असो की यमाचा दूत, त्याच्यापुढे फराळ ठेवायलाच पाहिजे. त्यांनी दोन ताटल्या आणून टेबलावर ठेवल्या. "लीजिए सर. दिवाली. घर का है."

अधिकारी सभ्य होता. त्यानं एक अनारसा उचलला, फिरवून बघितला आणि परत ठेवला.

"ये ऊपर क्या लगाया है?"

"खसखस है, सर."

त्यानं हवालदाराकडे पाहिलं. हवालदारानं अनारसा नाकाजवळ नेला.

"कहाँ से आया?"

"इंडिया से. मेरी सास भेजती है. असली है, सर," वहिनी म्हणाल्या. आणि त्याला आवडलं असं समजून आत गेल्या आणि डबाच घेऊन आल्या. तोंडापर्यंत भरलेला. "बहुत है सर. चाहिए तो ले जाइए."

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. उडत उडत ऐकलं होतं की खसखस आणू नका, ती अफूच्या बोंडातली, तिथे तिला अफूच धरतात. पण खसखस आपल्याला कधी अफू वाटली आहे का? ती पापडांच्या मध्ये, साडीच्या घडीत येत होती, पूर्वापार. हिंग, गोडा मसाला, खसखस.

अधिकारी उठला. साहेबांना म्हणाला, "पासपोर्ट लाओ. यल्ला, चलो." डबा हवालदारानं उचलला. साहेब चप्पल बदलायची विसरले, घरातल्याच सपाता घालून जिना उतरले. वहिनी ताटली हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

मी घरी आलो. बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "आपल्याकडे किती आहे?"

"आपल्याकडे पण आहे?"

"वाटणाला काय घालते मी, भुसा?"

मी डबा शोधला आणि संडासात ओतला. त्या दुपारी आमच्या इमारतीत वरपासून खालपर्यंत संडासाचे फ्लश वाजत होते. एकाचा थांबला की दुसऱ्याचा. बायको खाटेवर पडून ऐकत होती, आणि तिला हसू आवरेना. दोन्ही हातांनी पाठ धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी. "अहो, भांगवाला खाली शोधत होते. हे बघा, सगळी गँग वरती राहते."

साहेब दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटून आले. त्यांच्या कंपनीच्या अरबी माणसानं जाऊन सांगितलं की हे मिठाईचं आहे, ह्यांच्या सणाला करतात, ह्यांना अक्कल नाही. शेवटचं वाक्य साहेबांनीच आम्हाला सांगितलं, आणि ते ऐकून पहिल्यांदाच मला तो माणूस आवडला. पण नंतर ते खालच्या दुकानाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

दुकान मात्र बंद राहिलं. शटरला कागद चिकटवलेला. त्या काळात बायकोची तब्येत जी ढासळली ती मला बघवेना. चाटणाची बरणी घरात होती, पोलिसांना ती माहीत नव्हती. मी स्वतःच्या हातानं, भांग असो नसो, सकाळ-संध्याकाळ तिला चाटवायचो. काही उपयोग होईना. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, दात आवळून. जेवण बंद. मला वाटलं, बरणी जुनी झाली, भांगेचा जोर उतरला.

मग दुकान उघडलं. बरण्या परत आल्या. इमारतीत लगेच सुरू झालं: ह्याचा वास्ता असणार. वास्ता म्हणजे वरची ओळख. "नाहीतर सुटतो कसा?" लोक म्हणाले. औषधात काही सापडलं नसेल, असं कोणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही. तपासणारा चुकला असेल असं मी म्हटलं.

आणि आता दुसराच संशय सुरू झाला, सांगितलं कोणी. सगळ्यांचं बोट माझ्याकडे, कारण माझं तोंड मोठं. वहिनींनी मला जिन्यात अडवलं. "काका, खरं सांगा, तुम्हीच ना? तुमच्यामुळे ह्यांना रात्रभर तिथे बसावं लागलं."

"वहिनी, मला सांगायचं असतं तर तुमच्या तेलाच्या बाटलीसकट सांगितलं असतं."

त्या पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कोणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही. मी नाही, एवढं सांगतो. वैद्यालाही मीच वाटलो असणार. मी दुकानावरून गेलो की तो चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घ्यायचा आणि मी दिसेनासा होईपर्यंत बघायचा. तरी त्याची बायको माझ्या बायकोला तेल लावत राहिली. ती परत एक दिवसाआड खाली जायला लागली, पुढे जिना झेपेना तेव्हा मी धरून न्यायचो, दारात सोडायचो. आत पडदा. पुरुषांनी थांबायचं नाही. वर यायची ती पुन्हा तशीच, डोळे लाल, तोंड हलकं. "खायला काय आहे?"

मी विचारायचो, "तासभर काय करता गं आत?"

"तेल."

"तासभर तेल? माझ्या सगळ्या मशिनींना मिळून एवढं लागत नाही."

"बायकांचं असतं काहीतरी. तुम्हाला काय करायचंय?"

हिवाळा असा निघाला. ते शेवटचे महिने ती माझ्या घरात चार घास खाऊन राहिली, खोटं कशाला बोलू. मग तो शुक्रवार आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मला दवाखान्यातल्या कागदांसाठी न्यायला येणार होते. मी आंघोळ केली, कपडे घातले आणि बसलो. समोर फळीवर बरणी. तळाला बऱ्यापैकी चाटण उरलेलं. मी उठून ती घेतली. आता मला कोण पकडणार होतं आणि पकडून काय घेणार होतं? चमच्यानं खाल्लं, मग बोटानं पुसून पुसून खाल्लं. सगळं. आणि खुर्चीत बसून वाट बघत राहिलो.

भांग मला ओळखता येते. आधी जीभ सुकते. मग हातपाय आपले वाटत नाहीत, आणि मग उगाच हसू येतं. मी बसलो. ऊन खिडकीतून भिंतीवर आलं, भिंतीवरून फरशीवर उतरलं. जीभ सुकली नाही. घशात मिरी लागत होती आणि दाढेला गूळ चिकटला होता. बस. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की भांग असू दे. थोडी तरी असू दे. पण त्यात काही नव्हतं. वैद्यानं जे सांगितलं होतं तेच होतं.

माझं डोकं फिरलं. मी रिकामी बरणी घेऊन खाली गेलो. वैद्य शटर वर करत होता.

"चोर! इसमें कुछ नहीं है. कुछ भी नहीं!"

"मैं पहले दिन से वही बोलता है," तो म्हणाला.

"तो वो ठीक कैसे होती थी? बोल. खाती कैसे थी?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. 'होती थी' म्हटलेलं त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं आत वळून बायकोला हाक मारली. ती ओले केस पुसत आली. मी म्हटलं, "वो गई. कल शाम को." ती स्टुलावर बसली. म्हणाली, "भैया, चेच्ची इधर रोती थी." चेच्ची म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण.

"रोती थी?"

"बहुत. जोर से. मैं दरवाजा बंद करती, रेडियो बड़ा करती, ऊपर आवाज नहीं जाना बोलके. एक घंटा चिल्लाती, मेरा हाथ काटती. फिर मुँह धोती, फिर बोलती, अब भूख लगा. दवा तो सबको देता है. चेच्ची बोलती थी, घर में रोएगी तो वो आदमी काम पे नहीं जाएगा, इधर ही बैठेगा, मेरा मुँह देखेगा."

तिनं बाही जरा वर केली. मनगटाच्या वर दातांचे व्रण होते, काही जुने, काही नवे.

पडदा बाजूला सारलेला होता. आत तेलानं काळी झालेली लाकडी फळी, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी जागा. मी आत जाऊन त्या फळीवर बसलो. वैद्य बाहेर जाऊन उभा राहिला. रस्त्यावर साहेबांनी गाडीचा हॉर्न वाजवला, थांबून परत वाजवला. दवाखान्याचं ऑफिस दुपारी बंद व्हायचं होतं.

वैद्याची बायको म्हणाली, "भैया, गाड़ी."

"वाजू दे," मी म्हटलं. "तू बोल. और क्या क्या बोलती थी? मेरे को सब बोल."

ती स्टूल माझ्यासमोर ओढून बसली आणि हिंदी शोधत शोधत सांगायला लागली.